मागल्या वर्षीचं माप

डिचोलीच्या बाजारात शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई होती. पेन्सिल दातांत धरून ती माप घेई आणि वहीतल्या मागल्या वर्षीच्या मापाशी ताडून पाही. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीची कंबर तिने दोनदा मोजली. पोट वाढलेलं मलाही दिसत होतं, पण भलत्याच संशयाने मी गप्प होते.

बाईने पेन्सिल काढली. "बाय, चेडू वाढता तेव्हा खांदेय वाढतत. हिचा नुसता पोट वाढला. भलतासलता मनात आणू नको, दोतोराक दाखय."

अंडाशयात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. दीड महिन्याने गणवेश आणला. कमरेत ढगळ होणार म्हणून मी सुई-दोरा घेऊनच बसले होते. तो नेमका बसला. बाईने तो मागल्या वर्षीच्याच मापाने शिवला होता.