पारख्यापुढं ब्रेडची चार पाकिटं

आमच्या सुनेचे वडील पुंजाराम. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीनबाई, म्हणून मी त्यांना इवाई म्हणते आणि ते मला इहीनबाई. चाळीस वर्षं त्यांनी सिल्लोडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत्याकडं माल पारखला. मक्याचा दाणा दाढेखाली धरायचे. कट्ट वाजला की म्हणायचे, "भरा पोतं." नाय वाजला तर, "अजून दोन दिवस ऊन दाखवा." कापूस आला की चिमूटभर दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचे आणि धागा केवढा ते नुसत्या नजरेनं सांगायचे. पुढं ओल मोजायचं यंत्र आलं. तरी आडत्या आधी ह्यांच्या तोंडाकडं बघायचा, मग यंत्राकडं.

माझ्या इंद्रजीतचं त्यांच्या सोनियाशी लग्न होऊन तेरा वर्षं झाली. तेरा वर्षांत हा माणूस शहरातल्या आमच्या मुकुंदवाडीच्या घरी एकदाही मुक्कामाला राहिला नाय. लेकीच्या घरी राहायचं नाय, हा त्यांचा नेम. सकाळच्या एसटीनं यायचे, सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे, जसा काय सोफा भाड्यानं आणलाय, आणि चारच्या गाडीनं परत. पाण्याची बाटलीसुद्धा घरून आणायचे.

मी म्हणायची, "इवाई, आमच्या नळाच्या पाण्याला काय वास येतो का?"

ते हसायचे, पण बाटलीचं बूच उघडायचे.

नातीचा मात्र लई लळा. श्रेया नऊ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिचं पोट सारखं बिघडायला लागलं, पोरगी वाळून काडी झाली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, हिला गहू चालत नाय. सिलियाक म्हणतात त्या दुखण्याला. पोळी, पाव, बिस्किट, शेवया, रवा, सगळं जन्मभर बंद. हिंगाच्या डबीतसुद्धा गव्हाचं पीठ असतं, हे मला सत्तर वर्षांत पहिल्यांदा कळलं. सोनियानं घर उलटंपालटं केलं. श्रेयाचा तवा वेगळा, परात वेगळी, चमचे वेगळे. तिच्या तव्याला मी एकदा चुकून हात लावला तर सून अशी धावत आली, जसा काय मी विस्तवात हात घातला.

मे महिन्यात श्रेया सिल्लोडला गेली. इवाई म्हणाले, "काळजीच करू नका. मका माझ्या हातचा. पोरीला मक्याची भाकर घालतो, बघा कशी टुणटुणीत व्हती."

मका त्यांनीच निवडला. दाणा अन् दाणा बघून घेतला, धुतला, वाळवला. आणि डबा भरून गिरणीवर ठेवून आले. तिसऱ्या दिवशी पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या, पोटात कळा, दवाखान्यात दोन बाटल्या सलाईन.

झालं काय, तर त्यांच्या आधी गिरणीत कुणाचा तरी गहू दळला होता. त्याचं पीठ जात्यात राहिलं आणि ह्यांच्या मक्यात उतरलं. बाईमाणूस गिरणीवर गेली की पहिला सवाल हाच करती, "भाऊ, आधी काय दळलं?" ज्वारीत बाजरी आली तर आम्ही गिरणीवाल्याशी भांडतो. पण पुरुषमाणूस डबा ठेवतो आणि चौकात गप्पा हाणायला जातो. आमच्या इहीनबाई, म्हणजे सोनियाची आई, असत्या तर त्यांनी विचारलं असतं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून इवाई एकटेच राहतात, हातानं रांधून खातात.

सोनिया चिडून बोलली नाय, पण एवढंच म्हणाली, "आप्पा, आता श्रेया सिल्लोडला नको." आप्पांनी मान हलवली. गिरणीवाल्याला मात्र पुढं चार महिने शिव्या घातल्या.

दिवाळी जवळ आली तशी श्रेयानं भुणभुण लावली. मग इवाई एक दिवस आले आणि सोफ्याच्या कडेवर बसून लेकीला म्हणाले, "सुटीत चार दिवस पाठव की पोरीला. भात करीन. वरण करीन. गिरणीचं काहीच नाय."

"चार दिवस नुसता भात?" श्रेया म्हणाली. "आणि संध्याकाळी गल्लीतली पोरं पावात वडा घालून खातात, तवा मी काय करू? मागच्या बारीला मी पाण्याच्या टाकीवर बसून बघत होते."

सोनिया म्हणाली, "हिच्यासाठी बिनगव्हाचा ब्रेड मिळतो, आप्पा. पाकिटबंद. पण आजवर तीन आणले, हिनं तिन्ही टाकले. एक भुगा, एक खोडरबर, एक कसला तरी आंबट. हिला बाधणार नाय आणि ही आवडीनं खाईल असा ब्रेड तुम्ही शोधून दाखवा. मग न्या चार दिवस."

"व्हय?" इवाई म्हणाले. ते सोफ्यावर जरा मागं सरकून बसले. तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांची पाठ सोफ्याला टेकली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी दारात बघते तर इवाई, आणि काखेत गोधडीची वळकटी.

मी म्हणाले, "आज नेम मोडला की काय?"

"कामासाठी आलोय, इहीनबाई. मुक्कामाला नाय. माल पहाटंपासून बघावा लागतो."

"गोधडी तरी ठेवायची घरी. आमच्याकडं आहेत अंथरुणं."

"असू द्या," म्हणाले. रात्री सोनियानं पाण्याचा तांब्या ठेवला, तो मात्र सकाळी रिकामा होता.

पाकिटं चार होती. दोन इंद्रजीतनं क्रांती चौकाजवळच्या मोठ्या दुकानातून आणली. एक फोनवरून मागवलेलं. चौथं एका बेकरीतलं, ज्वारीचा ब्रेड, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत. सोनियानं बेकरीवाल्याला फोन करून विचारलं होतं, तो म्हणाला गहू नाय.

सोनिया ब्रेड आणायची आणि पाकीट फोडलं की लगेच खायला द्यायची. इवाईंना ते पटलं नाय. "पोरगी डबा कवा खाती? साडेबाराला. मग साडेबाराचा ब्रेड बघायचा. सकाळचा बघून काय उपयोग? मोंढ्यात दव असताना सगळाच कापूस मऊ लागतो."

रविवारी सातला त्यांनी चार डब्यांत चारी ब्रेडच्या फोडी भरल्या. आत कोथिंबिरीची चटणी आणि काकडी. झाकणं लावून डबे पोरीच्या दप्तरात कोंबले, कारण दप्तरात डबा दबतो, तसा दबायला पाहिजे. मग ते दप्तर घेऊन स्वतः अंगणात येरझारा घातल्या. पासष्टी ओलांडलेला माणूस, डोक्यावर टोपी, पाठीवर गुलाबी दप्तर. शेजारच्या भामाबाई गच्चीवरून बघत होत्या. "काय हो, शाळेत नाव घातलं का?" म्हणाल्या.

"पहिलीत," इवाई म्हणाले.

साडेबाराला सगळे गोल बसलो. इवाईंनी नियम सांगितला, "आधी हात, मग नाक, दाताचा नंबर शेवटी." आणि खांद्यावरचा रुमाल श्रेयाच्या हातावर टाकला. जुन्या काळी बाजारात भाव असाच ठरायचा, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. "तू माझी बोटं दाब. वाईट तर एक, लई चांगला तर पाच. आईच्या तोंडाकडं बघायचं नाय, आज्जीच्या तर मुळीच नाय."

"माझं तोंड काय वाईट आहे का?" मी म्हणाले.

"तुमचं तोंड लई बोलतं, इहीनबाई."

पहिला, दुकानातला बर्फात ठेवलेला ब्रेड. तांदळाच्या पिठाचा, फोड पत्त्याच्या पानाएवढी. उचलली तर कोपरा तुटून पडला. दुसरा अंड्याचा, मऊ, पण केकसारखा गोड वास, आणि त्याला चटणी म्हणजे पेढ्याला मिरची. तिसरा फोनवरचा. वाकवला तर कट्ट. इवाई खुश झाले, "मका असता तर पोतं भरलं असतं." चौथा बेकरीचा ज्वारीचा. काळपट, पण दाबला तर परत वर आला, वाकवला तर वाकला, आणि वास असा की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. श्रेयानं रुमालाखाली काय केलं ते इवाईंच्या तोंडावर दिसलंच.

"पाच!" श्रेया ओरडली. रुमालाचा काही उपयोग झाला नाय. "आता खाऊ?"

सोनियासुद्धा हसली. "मिळाला म्हणायचा एक. आप्पा, बॅग भरायला घेऊ का हिची?"

इवाईंनी पोरीच्या हातातली फोड अलगद काढून घेतली. "थांब जरा." मग त्यांनी चारी पाकिटं उलटी केली. त्यांना इंग्रजी येत नाय, मलाही नाय. पण तीन पाकिटांवर गव्हाच्या लोंबीचं चित्र होतं आणि त्यावर काट मारलेली, ती आम्हाला दोघांनाही वाचता आली. चौथ्या पिशवीवर ते चित्र नव्हतं.

सोनिया म्हणाली, "आप्पा, मी विचारलंय त्याला. ज्वारीच आहे आत."

"माझा पण मकाच व्हता," इवाई म्हणाले. "इहीनबाई, चला. बेकरी बघून येऊ."

रिक्षानं गेलो. बेकरीवाला चांगला माणूस. आम्हाला मागं भट्टीपाशी नेलं. "चाचा, इसमें मैदा बिल्कुल नै. ज्वार अलग, चावल अलग, सब साफ करके."

"भट्टी वेगळी हाय का?" इवाईंनी विचारलं.

"भट्टी तो एकीच है ना चाचा. सुबू पाव निकलते, उसके बाद ज्वार का माल लगाते."

म्हणजे सकाळी आधी मैदा. इवाईंनी फळीवरून एक बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. त्यांनी ते मला दाखवलं, बेकरीवाल्याला नाय. त्याला म्हणाले, "माल लई चांगला हाय तुमचा." आणि स्वतःसाठी दोन खारी घेतल्या.

परत येताना रिक्षात ते खारीचा पुडा मांडीवर धरून बसले. मी मनात म्हणाले, आता हा काय करतो बघू. सून राजी झाली होती. पोरगी पाच बोटं देऊन बसली होती. फळीवरचं पीठ आम्हा दोघांशिवाय कुणी बघितलं नव्हतं, आणि मी बोलणार नव्हते. बोलणार नव्हते म्हणजे, घरी पोचेपर्यंत तरी.

त्यांनी चपला काढायच्या आधीच दारातून सांगितलं, "चौथा बाद. त्याच भट्टीत मैद्याचे पाव निघतात."

श्रेयाचा चेहरा पडला. "मग सिल्लोड पण बाद?"

सोनिया वडलांकडं बघत होती. ते उभेच होते. म्हणाले, "सोने, मी गिरणीवाल्याला चार महिने बोल लावले. आधी काय दळलं ते त्यानं सांगायला पाहिजे व्हतं म्हणून. पण मी विचारलंच नव्हतं. विचारायचं काम माझं व्हतं."

सोनिया आत गेली. आत भांडी वाजली, दोन मिनिटं नुसती भांडीच वाजत होती. मग ती श्रेयाचा तवा हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "तीन राहिलेत ना अजून? दाताचा नंबर कुठं झालाय?"

अंड्याचा श्रेयानं एक घास खाल्ला, एक बोट. फोनवरच्याला दोन. बर्फातल्या तांदळाच्या ब्रेडचा डब्यात भुगा झाला होता, तो इवाईंनी चिमटीत घेऊन चोळला. "हा वितळून पडून राहिला म्हणून मोडतोय. ओल सुटलीय त्याची. बर्फातून काढला की तसाच तव्यावर टाकून बघ, आणि तूप लाव."

सोनियानं तसं केलं. दोन्हीकडून लाल होईस्तोवर भाजला, गार होऊ दिला, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला. चटणी वेगळ्या डबीत. चार वाजेपर्यंत कुणी हात लावायचा नाय असं ठरलं. तोवर आम्ही वरणभात खाल्ला, इवाईंनी आमच्याच माठातलं पाणी प्यायलं, आणि चारची गाडी निघून गेली.

चारला श्रेयानं डबा उघडला. फोड उचलली, मोडली नाय. चटणी लावून खाल्ली. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"साडेतीन," ती म्हणाली.

"अर्धं बोट कसं दाबायचं?" इवाई म्हणाले.

"पाचवाला नायच ना मिळत. मग हा चालंल. वड्याबरोबर चालंल."

सोनियानं वडलांना विचारलं, "हिंग?"

"घरात नाय. मेमध्येच टाकून दिला."

"तवा?"

"नवा घेतो. तिच्या नावाचा."

"ब्रेड बर्फात कुठं ठेवाल?"

"शेजारी साहेबरावाचं दुकान हाय, आइस्क्रीमची पेटी हाय त्याच्याकडं. पाकीट फोडायचं नाय म्हणून सांगतो."

सोनियानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाली, "भाऊबीजेनंतर चार दिवस. फोन रोज करायचा. मी विचारीन ते सगळं सांगायचं."

श्रेया उड्या मारत बॅग काढायला गेली, दिवाळीला अजून दहा दिवस असताना.

भाऊबीज झाली आणि ती गेली. इंद्रजीतनं तांदळाच्या ब्रेडची चार पाकिटं आणून ठेवली होती. थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात दोन पाकिटं, आणि तो डबा इवाईंच्या मांडीवर. एसटीत कंडक्टरनं विचारलं म्हणे, इंजेक्शनं आहेत का? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. श्रेया नुसती किंचाळत होती, "आई, आप्पांनी वडे केले! मी सगळ्यांबरोबर खाल्ला! पण ब्रेड संपला!"

"दोन पाकिटं संपली?" सोनियाचा आवाज चढला. "पोट दुखतंय का?"

"नाय गं. पोरांनी मागून मागून खाल्ला. तो गल्लीतल्या कडुबाचा नातू म्हणतो, आमच्या पावापेक्षा हा भारी लागतो."

मागून इवाईंचा आवाज आला, "आता काय करू, सोने? पोरांना नाय म्हणता येईना. पोरगी पहिल्यांदाच आपल्यातलं कुणाला देत व्हती."

सोनियानं फोन ठेवला, फ्रीजरमधून उरलेली दोन पाकिटं काढली आणि इंद्रजीतला विचारलं, "सिल्लोडची सकाळची पहिली गाडी किती वाजता?"

"मी जातो की घेऊन," तो म्हणाला.

"नको. मीच जाते. मे महिन्यापासून मी गेलेच नाय तिकडं," सोनिया म्हणाली, आणि पिशवीत पाकिटांच्या बाजूला स्वतःच्या दोन साड्या ठेवल्या.