दोन नकाशे, एक हौद

बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसबाहेर एक फळा आहे. त्यावर डिझेलचा भाव, बर्फाचा भाव आणि दर आठवड्याला बदलणारा एक कागद असायचा. त्या कागदावर हवामान खात्याचा पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज असे. प्रत्येक आठवड्याला महाराष्ट्राचे दोन नकाशे, एक पावसाचा, एक तापमानाचा. होडीवाले यायचे, नकाशाच्या डाव्या कडेला समुद्राच्या बाजूला बघायचे आणि जायचे. मी मधोमध बघायची. मधोमध मराठवाडा आहे, आणि त्यात नेकनूरच्या बाजूला आमचं गाव.

सोसायटीचे क्लार्क मला चिडवायचे. म्हणायचे, ताई, तुमच्या बीडला बंदर झालं की कळवा, तुम्हाला सभासद करून घेतो. पण रंग वाचायला त्यांनीच शिकवलं. तपकिरी म्हणजे पाऊस पडणार नाही असं नाही, या दिवसांत दरवर्षी पडतो त्याहून कमी पडण्याची शक्यता जास्त. हिरवा म्हणजे त्याहून जास्त. पांढरा म्हणजे नेहमीइतका. तापमानाला केशरी म्हणजे नेहमीपेक्षा गरम. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. टक्केवारी शाळेत शिकवायची राहूनच गेली होती, ती मी या फळ्यासमोर शिकले.

नवरा बर्फाची गाडी चालवायचा, म्हणून आम्ही कोकणात आलो. मी कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जायची. माळकऱ्याच्या घरातली मी, पहिले काही दिवस तोंडाला पदर बांधून सोलली, मग सवय झाली. इथं पाऊस एवढा की कपडे वाळत नाहीत. घरी फोन करायचा झाला तर मी शेडच्या आतल्या गोदामात जायची आणि दार लावून घ्यायची. तिकडं टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला इथला पाऊस फोनमधून ऐकू जावा, हे मला बरं वाटत नव्हतं.

फोन वहिनीला असायचा. आई गेली तेव्हा मी लहान होते आणि वहिनी नुकतीच लग्न होऊन आली होती. माझं नाव शाळेत तिनंच घातलं. भाऊ आणि ती ऊसतोडीला जायचे. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम एक कोयता म्हणतो, तसे ते एक कोयता होते. दसऱ्यानंतर गाडी भरायची, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची. तेवढे महिने वहिनी मला शेजारच्या घरी ठेवून जायची, शाळा बुडू नये म्हणून. सातवीनंतर तिला मुलगी झाली. तिकडं फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, बाळापाशी बसायला कुणीतरी हवं होतं. मी गेले. यात कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही, दुसरं माणूसच नव्हतं. वहिनी मात्र बरीच वर्षं माझ्यासमोर शाळेचं नाव काढायची नाही.

पुढं गावातल्या बायकांनी रेशमाची सहकारी संस्था काढली. वहिनीनं घरच्या रानात तुती लावली. संस्थेचं एक सामायिक बोअर होतं आणि एक टेम्पो. टेम्पोतून चॉकी यायची, म्हणजे दोनदा कात टाकलेल्या लहान अळ्या, आणि त्याच टेम्पोतून कोष बीडच्या बाजारात जायचे. तुती लागल्यापासून वहिनी आणि भाऊ ऊसतोडीला गेले नाहीत. ज्या पोरीपाशी बसायला मी शाळा सोडली ती दरवर्षी पुढच्या वर्गात गेली. मी सांगते आहे त्या वर्षी ती दहावीला होती.

एकदा मी माहेरी गेले तर वहिनीनं मला अळ्यांच्या शेडच्या दारातच अडवलं. अळ्यांना उग्र वास चालत नाही. तंबाखूवाल्या माणसाला ती आत घेत नसे, अत्तरवाल्या पाहुण्याला घेत नसे. मी तीनदा हात धुतले, राख लावून धुतले. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "माय, समुद्र आणलास की गं संगं. बाहीरच बस." मी जाळीतून बघितलं.

त्या वर्षी पाऊस सुरुवातीला पडला आणि मग गेला. ऑगस्ट निम्मा कोरडा. गावातल्या विहिरींचे तळ दिसत होते, सोयाबीन सुकत होतं. तुती चिवट असते, ती अजून हिरवी होती. संस्थेत चर्चा चालली होती की पुढची बॅच घ्यायची की तुती नुसती जगवायची. चॉकी आली की पुढं अडीच आठवडे अळ्या खातात, आणि शेवटच्या आठवड्यात एवढ्या खातात की आधीच्या सगळ्या दिवसांत मिळून खाल्लेलं नसतं. त्या आठवड्यात पाला संपला तर अळी कोष न करताच मरते. बॅच घेतली नाही तर घरात काही येणार नव्हतं. मुकादम दारात येऊन चहा पिऊन गेला होता आणि ऊसतोडीला येणार का ते गणपतीनंतर सांगा म्हणाला होता. वहिनी गेली असती तर पोरीला मागं एकटीला ठेवता आलं नसतं. दहावीच्या वर्षी कोपीत गेली असती. हे वहिनीनं सांगितलं नाही, मला कुणी सांगायची गरज नव्हती.

गावाकडं फोनवर हवामानाचे निरोप यायचे, पण ते चार-पाच दिवसांचे. दोन आठवड्यांचं मी सांगायची. मी कागदाचा फोटो पाठवते म्हटलं तर वहिनी नको म्हणाली. फोटोला उलटं इचारता येत न्हाई, तू सांग.

त्या कागदावर पहिला आठवडा पांढरा होता. दुसरा पावसाला तपकिरी आणि तापमानाला केशरी. मी फळ्यासमोर उभी राहून हिशोब लावत होते की अळ्या मोठ्या होतील त्याच सुमाराला हा केशरी रंग येणार. तेवढ्यात माझा नवरा बर्फाची गाडी लावून आला. क्लार्कनी विचारलं, आज एवढ्या लवकर? तो म्हणाला, सगळ्या होड्यांनी अर्धाच बर्फ भरलाय, पुढच्या आठवड्यात वारं सांगितलंय, कुणी लांब जात नाही. मी विचारलं, मग जायचंच कशाला? क्लार्क म्हणाले, "घरी बसलं तर मासळी शंभर टक्के नाय. अर्ध्या बर्फाला अर्धी तरी येते."

हे मी वहिनीला जसंच्या तसं सांगितलं. ती हसली. मग म्हणाली की अर्ध्या बॅचचं संस्थेत बोलते. संस्थेत भांडण झालं, ते मला नंतर कळलं. अर्धी बॅच म्हणजे मेहनत तेवढीच आणि कोष निम्मे, असं काहींचं म्हणणं. पण वहिनीनं एकटीनं अर्धी घेऊन भागलं नसतं, कारण टेम्पो सगळ्यांची मिळून एकच चॉकी आणायचा आणि कुणाचा पाला कमी पडला तर दुसरीनं द्यायचा असा त्यांचा नियम होता. शेवटी सगळ्यांनी अर्धी घेतली.

पहिला आठवडा बरा गेला. एक सर येऊन गेली, जमीन ओली करण्यापुरती. दुसऱ्या आठवड्यात गरमी सुरू झाली. वहिनीची शेड पत्र्याची. पत्र्यावर तिनं पाचट टाकलं होतं, चारी बाजूंनी पोती लावली होती. पोती ओली ठेवली की आत गार राहतं. त्यातच बोअरचं पाणी कमी झालं आणि संस्थेनं पाळी कमी केली. प्रत्येकीला एक हौद, दिवसाआड. तेवढ्या पाण्यात पोतीही भिजवायची आणि तुतीही.

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कोळंबीच्या शेडमध्ये होते. हात ओले, फोन कानाशी खांद्यानं धरलेला. अळ्यांनी शेवटची कात टाकली होती. आता खायला सुरुवात.

"ऐक," ती म्हणाली. "पानी पोत्यावर घातलं तर अळी वाचंल, पर पाला जाईल. तुतीला घातलं तर पाला ऱ्हाईल, पर तो खायला अळी ऱ्हाईल का न्हाई, ते सांग."

"वैनी, मी कसं सांगू?"

"तू नगं सांगू. त्या कागदाला इचार."

नवा कागद लागायचा दिवस तोच होता. मी सुट्टी मागून गेले तर सोसायटीला कुलूप. गणपती होते. कोकणात गणपतीत माणूस मिळत नाही, होड्यासुद्धा किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या असतात, हे मला इतक्या वर्षांनी ठाऊक असायला हवं होतं. फळ्यावर जुनाच कागद होता, पावसानं कडा सुटलेला. त्यात पुढचा आठवडा केशरीच होता. तोच सांगून टाकावा असं क्षणभर वाटलं. पण तो आठवडाभर जुना होता, आणि वहिनीकडं हौद एकच होता.

क्लार्कचं घर खाडीपलीकडच्या वाडीत. मी छत्री घेऊन चालत गेले. छत्री वाऱ्यानं उलटी झाली, तशीच गेले. त्यांच्या घरी आरती चालली होती. मी ओटीवर थांबले. माझ्या अंगाला कोळंबीचा वास, आणि आत गणपती. आरती संपल्यावर ते बाहेर आले, मला बघून घाबरले, त्यांना वाटलं नवऱ्याला काही झालं. मी कागदाचं सांगितलं. ते हसले नाहीत. प्रसादाची वाटी माझ्या हातात दिली आणि मोबाइलवर नवा अंदाज शोधायला लागले. रेंज येत-जात होती. नकाशे एकेक करून उघडले.

पाऊस तपकिरीच. तापमान पांढरं.

मी तिथूनच फोन लावला. कौलांवर पाऊस धो धो कोसळत होता आणि दार लावून घ्यायला गोदाम नव्हतं.

वहिनी म्हणाली, "तिकडं लई पडायलंय वाटतं." तिच्या आवाजात काही नव्हतं, नुसतं विचारलं होतं. मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, थांब, तुला बी आयकविते, आणि तिनं फोन अळ्यांच्या रॅकपाशी धरला. मोठ्या अळ्या एकदम खायला लागल्या की पानांवर भुरभुर पाऊस पडल्यासारखा आवाज होतो, हे तिनं मला पूर्वी सांगितलं होतं. मी कान दाबून ऐकलं. इथल्या पावसात मला काहीच ऐकू आलं नाही. आलं म्हणून सांगितलं.

मग रंग सांगितले. तिनं विचारलं, गरमी उतरणार म्हणतंय का? मी म्हटलं, या दिवसांत नेहमी असते तेवढी होईल म्हणतंय. आणि पाऊस? पाऊस कमीच.

"मग पानी तुतीला," ती म्हणाली.

एवढ्या झटक्यात ती म्हणाली की मी तिला मध्येच अडवलं. "वैनी, चुकू बी शकतं ते."

"चुकलं तर कागद चुकंल. तू कावून रडायलीस?"

पुढचे काही दिवस मी फोन केला नाही. करायची हिंमत नव्हती. कोळंबी सोलताना एकच गोष्ट डोक्यात, की ती पोती वाळली असतील. नवरा म्हणाला, फोन कर की. मी म्हटलं, त्यांच्याकडं महालक्ष्म्या बसल्या असतील, गडबडीत असतील. हे नुसतं निमित्त आहे ते त्यालाही कळत होतं.

मग भाचीचा निरोप आला. पहिल्या दिवशी दुपारी पत्रा एवढा तापला होता की आईनं घरातलं प्यायचं पाणी नेऊन पोत्यांवर शिंपडलं आणि महालक्ष्म्यांचा स्वयंपाक शेजारून पाणी आणून केला. काही अळ्या गेल्या, टोपलीभर बाहेर टाकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आभाळ आलं. पडलं काहीच नाही, नुसतं आलं आणि राहिलं. शेड गार झाली. हौद तुतीला गेला होता म्हणून पाला शेवटपर्यंत पुरला, शेजारच्या एका बाईला चार भारे देऊन. भरलेली बॅच असती तर पुरला नसता, हे भाचीनं लिहिलं नव्हतं, पण अर्ध्या बर्फाचं तिनं क्लार्कना सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं. ते म्हणाले, चला, आमच्या सोसायटीचा बीडमध्ये काहीतरी उपयोग झाला.

कोष बाजारात गेले त्या आठवड्यात मुकादम उत्तराला आला. भाऊ बाहेर त्याच्याशी बोलत उभा होता. त्याच वेळी पोरगी शाळेतून आली आणि बघते तर आई अंगणात बसून कोयता दगडावर घासते आहे. तो कोयता आढ्याला खोचलेला असायचा, तिनं तो कधी खाली उतरलेला बघितला नव्हता. मला फोनवर सांगत होती, "आत्या, मी दप्तर बी खाली ठिवलं न्हाई. मला वाटलं, झालं, निघालो आता."

दारात तशीच उभी राहिलेली बघून वहिनीनं वर बघितलं आणि म्हणाली, "आत जाऊन अभ्यास कर. तुतीची छाटणी करायचीय. बुंधे जाड झालेत, इळ्यानं तुटंनात."

मुकादम चहा न घेता गेला. पोरगी हे सांगताना हसत होती. मी गोदामात होते, दार लावलेलं. मी तिला अभ्यासाचं विचारलं.

गणपती संपून सोसायटी कधीच उघडली होती. फळ्यावर नवा कागद. छाटलेल्या तुतीला फुटायला पाणी लागतं, म्हणून मी पुन्हा मधोमध बघायला लागले.