धाकटीसाठी केलेली प्रार्थना

थोरलीचं शिवणकाम एका खोलीत चालायचं. नवरा गेल्यावर त्या मशीनच्या जोरावर तिनं मुलीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं, कुणापुढे हात पसरला नाही. चर्चमधल्या उपासनेत, देवानं आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायची वेळ आली की ती हमखास उभी राहायची. "मी मागितलं, प्रभूनं पुरवलं," ती सांगायची. मंडळीत तिला 'विश्वासबाई' म्हणत. थोडं कौतुकानं, थोडं चेष्टेनं, कारण कुणाचा पाय मुरगळला तरी तिचं औषध एकच: प्रार्थना.

दीर कामाला होता तो कारखाना बंद पडला, तेव्हा त्याची बायको, म्हणजे तिची धाकटी जाऊ, एका दुपारी आली. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलली. चहा गार झाला. शेवटी म्हणाली, "ताई, तुमची जुनी मशीन काही दिवस द्याल का? यांना काम लागेपर्यंत घरी बसून शिवेन म्हणते."

जुनी मशीन कोपऱ्यातच होती, चादर टाकलेली. ठणठणीत चालत होती. पण थोरलीच्या मनात आलं, आपली नवी बिघडली तर? आणि त्याच्याही खाली एक विचार होता: ही शिवायला लागली, तर गिऱ्हाइकं हिच्याकडे वळतील.

"ती कधीची बिघडलीय गं," ती म्हणाली. "पण तू काळजी करू नकोस. प्रभू पुरवील. ये, प्रार्थना करू."

जावेचा हात हातात घेऊन तिनं सुरेख प्रार्थना केली. धाकटीनं कप विसळून ठेवला आणि गेली. पुढे ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला लागली. थोरलीनं रविवारी उभं राहून त्याचीही साक्ष दिली.

पुढच्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या तोंडावर थोरली ओल्या जिन्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. गणवेशांचं कापड कापून पडलेलं, मुलगी दूर, तीही बाळंतीण. थोरली प्लास्टर सांभाळत गुडघ्यांवर बसली. "प्रभू, कुणाला तरी पाठव."

संध्याकाळी दार वाजलं. दारात धाकटी, कामावरून तशीच आलेली.

"आत्ताच कळलं. कुठले आधी द्यायचेत?"

बाह्या वर सारून ती मशीनवर बसली. मग रोजच येऊ लागली. धुलाईघरातल्या सोड्यानं तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. कापडाला रक्त लागू नये म्हणून ती बोटांना चिंध्या गुंडाळून शिवायची. तिच्याकडे बघताना थोरलीच्या मनात येई: आपण मागितलं आणि देवानं नेमकं हिलाच पाठवलं! एका संध्याकाळी तिला राहवलं नाही.

"ती जुनी मशीन... बिघडली नव्हती गं."

धाकटीचा पाय थांबला. "माहीत आहे. त्या दिवशी चादर सरकली होती. बिघडलेल्या मशीनच्या सुईत कोण दोरा ओवून ठेवतं?"

"आणि तरी आलीस?"

"एका हातानं काय करणार होतात तुम्ही?" ती पुन्हा शिवू लागली. मान वर न करता म्हणाली, "नाही म्हणाला असतात तर चाललं असतं, ताई. देवाला मध्ये कशाला घातलंत?"

थोरली रडली, तेही हळू, कारण रडायचाही हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं.

दिराला काम लागलं होतं, तरी थोरलीनं देऊन टाकलेली ती जुनी मशीन त्यानं हातगाडीवर घालून नेली. धाकटीनं इस्पितळ काही सोडलं नाही. नोकरी आता पक्की झाली होती. रविवारी थोरली उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं, गिऱ्हाइकांच्या भीतीसकट. साक्षीनंतरचं नेहमीचं 'स्तुती असो' म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

बाहेर आल्यावर चर्चच्या पाळकांच्या बायकोनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढं मनाला नका लावून घेऊ. शेवटी प्रभूनं तिलाही पुरवलंच ना?"

"त्यानं आधीच पुरवलं होतं, बाई," थोरली म्हणाली. "माझ्या घरी ठेवलं होतं. मी दिलं नाही."

धाकटी फाटकाशी थांबली होती. थोरली तिच्याकडे चालत गेली आणि तिनं जावेचा हात हातात घेतला, या वेळी प्रार्थना न करता.