बोथट कात्री

दिवाळी झाली की ती आष्टीतल्या माझ्या वह्या-पेनांच्या दुकानात यायची. ऊसतोडीला निघण्याआधी पीठमिरचीबरोबर लेकीसाठीही सहा महिन्यांची बेगमी करायची. रंगीत कागद, डिंकाची बाटली, खडू. "फडावरल्या झोपडीत, कोपीवर लेकरू दिसभर एकलं ऱ्हातं, भाऊ. हाताला काम पायजे," असं दर वेळी सांगायची. कागद उजव्या हातानंच निवडायची. डावा कायम पदराखाली. मला ती तिची ऐट वाटायची.

कात्री मात्र कधीच घेत नसे. यंदा मीच लहान मुलांची एक कात्री पुढे ठेवली. तिनं पात्यावर अंगठा फिरवला.

"ही तर बोथट हाय."

"लेकरांसाठी मुद्दाम बोथटच करतात, बाई."

"मुद्दाम?" ती खळखळून हसली. "बोथट हत्यार कावून इकत घ्यायचं?"

तिनं पिशवीतून नुकताच धार लावून आणलेला कोयता काढला, खाली बसून मूठ पायाखाली दाबली आणि पातं वर केलं. सोबत आलेल्या तिच्या पाच वर्षांच्या पोरीनं लाल कागद त्या धारेवर टेकवला आणि फिरवत फिरवत फूल कापायला लागली.

मी ओरडलोच.

"वरडू नका भाऊ, दचकंल ती," ती हळूच म्हणाली. पोरीच्या बोटांवरून तिची नजर हलली नव्हती. मग पदराखालचा डावा हात बाहेर आला आणि पातं अन् ती इवली बोटं यांच्यामध्ये आडवा झाला.

त्या हाताला अंगठा होता, आणि एकच बोट.