दिवा निवूं दे

सासूबाई दृष्ट काढून नारळ फोडायच्या तेव्हा मी तोच नारळ चटणीला मागायचे. त्यावरून माझा असल्या गोष्टींवर किती विश्वास होता ते समजा. अमानवीय, शक्ती, संकेत... हे शब्द कानावर आले की मी उठून चहा ठेवणारी बाई. तरीही हे लिहिते आहे, कारण पोटात ठेवून आता दोन वर्षं झाली.

मी मूळची कुंभकोणमची, तंजावरी मराठी. आमची माणसं मराठ्यांच्या काळात तिकडे गेली ती तिकडचीच झाली. लग्न होऊन पुण्यात आले, तेव्हा माझं बोलणं ऐकून सासरचे म्हणाले, "ही काय पेशवाईतून आली का?" मला राग आला आणि लाजही वाटली. वर्षभरात मी जीभ घासूनपुसून पुणेरी केली, अगदी आईशीसुद्धा. 'अम्मा' म्हणायचे तिथे 'आई' म्हणू लागले. तिला ते आवडलं नाही हे कळत होतं, पण मी कळू दिलं नाही.

माझे वडील, म्हणजे अप्पा, गेल्यापासून आई कुंभकोणमला दारासुरमच्या रस्त्यावरच्या घरात एकटी राहते. एका तापात तिची वास घेण्याची शक्ती कायमची गेली. दूध करपलं तरी तिला पत्ता नसतो. पुण्याला चल म्हणून मी तोंड दुखेपर्यंत सांगितलं, पण ती हलत नाही. पहाटे साडेचारला स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात देवाचा दिवा लावायचा, मग कॉफी, हा तिचा नेम. ती घरात एकटी आणि नाक बंद... ही धास्ती माझ्या मनातून कधीच जात नसे.

मी कॉलेजात वस्त्रकला शिकवते. लेसच्या एका कार्यशाळेसाठी ब्राझीलमधल्या साल्वादोरला गेले होते. समुद्राकाठचं जुनं शहर, उतारावर दगडी फरशी, रंगीत घरं, कुठूनतरी सतत ढोल. पेलोरिन्यो नावाच्या चौकात एके काळी आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांना खांबाला बांधून फटके मारायचे. लुसिया, माझी तिथली सहकारी, सांगत होती की त्यांची भाषा मालकांनी तोडली, पण ती पूजेत आणि स्वयंपाकघरात उरली. मी मान डोलावली आणि विषय बदलला, का कोण जाणे.

संध्याकाळचे पावणेआठ. चौकाच्या कोपऱ्यावर पांढरा घेरदार झगा घातलेली, डोक्याला पांढरं फडकं बांधलेली एक वयस्क बाई आकाराजे तळत होती. चवळीचा वडाच तो, फक्त पामच्या लाल तेलातला. आमच्याकडे कारामणी वडै करतात त्याची आठवण आली. लुसियाने दोन सांगितले. बाईने वडा चिरला, चमचा उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली,

"चिट्टू, आज दिवा निवूं दे."

चिट्टू म्हणजे तमिळमध्ये चिमणी. मला तसं हाक मारणारे फक्त अप्पा. आणि दिवा 'विझव' म्हणणं आमच्यात अशुभ. तमिळ लोक दिवा गार होऊ दे म्हणतात, त्याचं आमच्या घरात 'निवूं दे' झालं. रोज रात्री झोपताना अप्पांचं ते शेवटचं वाक्य असायचं.

मी लुसियाला विचारलं, ही काय म्हणाली? ती म्हणाली, "गरम की गार? म्हणजे तिखट घालू की नको, एवढंच. इथे सगळ्या असंच विचारतात." बाई चमचा धरून उत्तराची वाट बघत होती.

घड्याळ पाहिलं. कुंभकोणमला सव्वाचार.

फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. तिसऱ्यांदा आईचा आवाज आला आणि मी धडाधड बोलून गेले की आई, आज दिवा लावू नकोस, लावला असशील तर विझव. मला आधी काय बोलावं तेच सुचलं नव्हतं, आणि जे सुचलं ते पुणेरीत. मग ती थंडपणे म्हणाली, "पहांटे असें अवलक्षणी बोलूं नकोस." आणि फोन ठेवला.

चार पंचवीस. नंबर लागेना. लागला तेव्हा मी फक्त जे ऐकलं होतं तेच म्हटलं. "अम्मा. चिट्टू, आज दिवा निवूं दे... असें सांगितलें मज."

"लावलाच नाहीं अजून," ती हळूच म्हणाली. "निवूं कसा देऊं?"

"असूं दे अम्मा. बाहेर जा. सरोजाक्काला बोलाव."

शेजारच्या सरोजाक्का दारात कोलम, म्हणजे रांगोळी, घालत होत्या. फोन चालूच होता. आईने हाक मारली तशा त्या आमच्या उंबऱ्यापाशी आल्या आणि तमिळमध्ये ओरडल्या की घरभर गॅस भरलाय. शेगडीची नळी चिरली होती आणि रात्री सिलिंडरचं बटण बंद करायचं राहिलं होतं. करंटही गेलेला, म्हणून आईने विजेच्या दिव्याचं बटण दाबलं नव्हतं. तिच्या हातात तीपेट्टी, म्हणजे काडेपेटी, होती, आगकाडी बाहेर काढलेली.

मी त्या दगडी पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडले. लुसिया पाठीवर हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यावर गेले. बाई तीच. लुसियाने सगळं विचारलं. तिला मराठी काय, हिंदुस्तान कुठे आहे तेही धड माहीत नव्हतं. वडा तिने फुकट दिला. या वेळीही तिने विचारलं आणि मला साधं पोर्तुगीजच ऐकू आलं.

मुलगा म्हणतो, मनातली धास्ती कानात बोलली. बरं, बोलली. पण त्याच दिवशी, त्याच वेळेला? आणि मी वीस वर्षं तोंडात न घेतलेल्या भाषेत? मला उत्तर सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर मला अवश्य कळवा, फक्त अम्माच्या कानावर जाऊ देऊ नका. आता आम्ही दोघी जुन्या बोलीतच बोलतो. ती बाई होती, आवाज बाईचा होता, हे मी तिला कितीदा सांगितलं. ती ऐकून घेते, आणि फोन ठेवण्याआधी दर वेळी विचारते,

"आणखी कांहीं म्हणाले काय ते?"