पडद्यापलीकडे सांगितलेलं माप

कारखान्यात तिला सगळे भोंगा म्हणायचे. तयार कपड्यांचा तो कारखाना. एका लांबलचक हॉलमध्ये यंत्रं सकाळपासून धडधडत असायची आणि हिचं काम मापं घेण्याचं. नमुन्याचा कपडा अंगावर चढवून मुली रांगेत उभ्या राहायच्या. ही टेप लावायची आणि ओरडायची, "छाती चौतीस! कंबर सव्वीस! बाही बावीस!" पार पलीकडच्या टेबलावर बसलेली दुसरी बाई ते लिहून घ्यायची. त्या आवाजात जी ओरडेल तिचंच माप बरोबर उतरायचं, नाहीतर अख्खा माल कापण्यात वाया. अशी वर्षानुवर्षं काढल्यावर माणसाला हळू बोलायचं कसं ते आठवत नाही. घरी तिने नवऱ्याकडे मीठ मागितलं तरी शेजारीण वाटीत मीठ घेऊन दारात हजर व्हायची.

स्वभावाने मात्र गरीब. कुणाच्या अध्यात ना मध्यात. रोज कात्री हातात घेताना डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची आणि मगच कापडाला लावायची.

एवढं मोठं ते शहर, पण त्यातली एक खोली यांच्या वाट्याला आली होती, आणि खिडकीखाली रंगाची फॅक्टरी. लेक चिंगी तीन वर्षांची झाली तेव्हा तिच्या छातीतून झोपेत शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली आणि शेवटी म्हणाले, "औषध मी कितीही देईन हो, हवा कुठून देऊ? हिला इथून हलवा." नवरा पाण्याच्या पंपावर काम करणारा. त्याने लांबच्या एका छोट्या गावातल्या पाणीपुरवठ्यात अर्ज केला, आणि नोकरी मिळाली. पगार पहिल्यापेक्षा कमी. "तू शिवशील, मी पाणी सोडीन, भागेल," तो म्हणाला. शिलाई मशीन, दोन गाद्या आणि चिंगीला घेऊन ते निघाले.

गावातलं घर तळमजल्यावर, रस्त्याला लागून. पुढच्या खोलीला दोन खिडक्या. गेल्या गेल्या तिने त्या उघडल्या त्या बंद म्हणून केल्याच नाहीत. महिना उलटायच्या आत शिट्टी थांबली. ती पहाटे उठून लेकीच्या छातीला कान लावायची, आणि काहीच ऐकू आलं नाही की हात जोडायची. "देवा, आता इथून उठवू नकोस. बाकी काही मागत नाही."

पण देवाच्या आधी गावाने ठेवून घ्यायला हवं ना!

तिने पुढच्या खोलीत मशीन मांडलं, भिंतीला बाक टाकला, मधोमध जाड पडदा लावला. बाहेर पाटी लावली. बायका यायच्या, कापडाला हात लावल्यासारखं करायच्या आणि नाक मुरडून जायच्या. नाव पडलं शहरवाली. घरमालकीण एकदा वरून वाकून म्हणाली, "अहो, तुम्ही बोलता की भांडता? माझ्या ह्यांना वाटलं खाली मारामारी चाललीय."

गावाचं शिवण सगळं थोरल्या शिंपीणबाईंकडे. म्हाताऱ्या, पाठीत वाकलेल्या, पण गिऱ्हाईक त्यांचं बांधलेलं. दिवस जात राहिले. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात घर चालत नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं. शिवण चाललं नाही तर पुन्हा त्या खिडकीखाली जायचं, हेही दिसत होतं.

अशात पाववाल्याची थोरली लेक आली. कोपऱ्यावर त्यांची भट्टी होती. ही मंडळी राहायला आली त्या दिवशी गावातून एकटी हीच गरम पाव घेऊन आली होती. गोरीपान, हसताना तोंडावर हात धरायची. तिचं लाकूडवाल्याच्या मुलाशी ठरलं होतं. लग्नाच्या पोशाखाचं कापड तिने मशीनवर ठेवलं तेव्हा शहरवालीला खरंच वाटेना.

"थोरल्या बाईंकडे नाही गेलीस?"

"त्या फार बघतात," मुलगी म्हणाली. मग जरा थांबून, "तुम्ही नव्या आहात ना ताई. म्हणून."

बाकावर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. हिने टेप लावला आणि सवयीप्रमाणे माप पुकारलं. नवरा दुपारचा घरी असायचा. परक्या बायकांची मापं चाललेली, म्हणून पडद्यामागे बसून चिठ्ठीवर लिहायचा, आणि चिठ्ठी कापडाला टाचली जायची. जाताना मुलगी दारातून वळली. "ताई, आतून शिवणीत जरा जास्त कापड सोडाल? लागलं तर उसवता येईल असं."

"लग्नाआधी मुली वाळतात, फुगत नाहीत," ही हसून म्हणाली. मुलगीही हसली, तोंडावर हात धरून.

लाकूडवाल्यांच्या घरचं लग्न आणि पोशाख शहरवालीकडे, ही बातमी फिरली. आता बाकावर कुणी ना कुणी दिसायला लागलं. पोशाख अंगावर घालून बघायच्या दिवशी तर खुद्द नवऱ्यामुलाच्या आत्याबाईच येऊन बसल्या. सोबत शेजारीण. "म्हटलं आमच्या सुनेचं कापड बघावं," आत्याबाई म्हणाल्या आणि बाकाच्या मधोमध ऐसपैस बसल्या.

पाववाल्याची लेक दारात आली, आत्याबाईंना पाहिलं आणि थबकली. "ताई, मी उद्या येते."

"उद्या कशाला? दोन मिनिटांचं काम!" शहरवालीने तिचा हात धरून तिला आत ओढलं. तिच्या मनात एकच होतं. एवढी मोठी माणसं बसलीत, त्यांना दिसू दे आपलं काम किती नेटकं असतं ते.

कोपऱ्यातल्या आडोशाला जाऊन मुलगी पोशाख घालून आली. पाठीमागे तो मिटेना. शहरवाली दोन्ही कडा ओढून पाहते, श्वास धर म्हणते, पण छे! माप चुकलं की काय? एवढ्या माणसांसमोर? झटक्यात टेप लावला आणि पडद्याकडे तोंड करून ओरडली, "अहो, लिहा! कंबर अठ्ठावीस! नाही नाही, थांबा, एकोणतीस! मागची चिठ्ठी बघा बरं, सव्वीस होती ना?"

"सव्वीसच," पडद्यामागून आवाज आला.

जीव भांड्यात पडला. माप तिचं चुकलं नव्हतं. ती मोकळेपणाने हसली. "बघा! माझं माप बरोबरच होतं. हीच वाढलीय. छाती पण वाढलीय, लिहा, छत्तीस! काय गं, बापाच्या भट्टीतला सगळा माल तूच खातेस की काय?"

हसली ती एकटीच. मुलीने तोंडावर हात धरला नव्हता. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, जशी दवाखान्यात सुई टोचताना माणसं बघतात.

आत्याबाई सावकाश उठल्या. मुलीकडे नाही, पडद्याकडे बघून त्यांनी विचारलं, "लिहिलंत ना नीट?"

"हो, लिहिलं," नवरा बिचारा म्हणाला.

"झालं तर मग." आणि त्या गेल्या. शेजारीण मागोमाग, जवळजवळ धावतच.

मुलगी कपडे बदलून आली. पोशाख घडी घालून मशीनवर ठेवला. "ताई," एवढंच म्हणाली. शहरवालीला तेव्हा कुठे कळलं. कळलं तेव्हा तिला बसायलाही सुधरेना.

लग्न मोडलं. लाकूडवाल्यांनी एक माणूस पाठवला, तोही दारातच बोलून गेला. मुलगी खरंच तशी होती, की नुसती अंगाने भरली होती, हे सगळ्या गावाने एकमेकांना विचारलं, तिला कुणी विचारलं नाही. असलीच तशी, तर दुसरा कोण होता तेही कुणी विचारलं नाही. लाकूडवाल्याचा मुलगा मात्र मान वर करून फिरत होता. एका सकाळी पाववाल्याने लेकीला एका पिशवीनिशी बसमध्ये बसवलं. कुठल्याशा लांबच्या आत्याकडे, म्हणे. तो स्टँडवर बस हलेपर्यंतसुद्धा थांबला नाही, भट्टीची वेळ झाली होती.

शहरवाली भट्टीवर गेली. काय बोलायचं ते ठरवून गेली होती. पाववाल्याच्या मागे फळ्यांवर ताजे पाव रचलेले, वाफ निघत होती.

"पाव संपले," तो म्हणाला.

तिने फळ्यांकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. "संपले," तो पुन्हा म्हणाला.

परतताना ती थोरल्या शिंपीणबाईंच्या पायरीशी थांबली. म्हातारी काजं करत होती. तिच्या गळ्यात टेप नव्हताच. कंबरेला सुतळीचे तुकडे खोवलेले, प्रत्येकाला गाठी मारलेल्या. गिऱ्हाईक आलं की सुतळी लावायची, गाठ मारायची, खलास. आकडा नाही, अक्षर नाही. कुठली सुतळी कुणाची ते फक्त तिला माहीत.

"इथे मापं बोलत नाहीत बाई," म्हातारी मान वर न करता म्हणाली.

"मला कुणी सांगितलं नाही हो."

"तू विचारलंस?"

म्हातारीने काजाला पुढचा टाका घातला.

"चाळीस वर्षं झाली. माझ्या सुतळीत किती जणी आल्या तशा. सगळ्यांचे संसार झाले, पोरं मोठी झाली. आत जास्तीचं कापड सोडायचं, वरून एक चुणी टाकायची. त्यालाच शिवण म्हणतात." दोरा दाताने तोडून ती म्हणाली, "जा आता. तुझ्या पायी माझी पायरी बदनाम व्हायची."

त्या रात्री नवराबायकोने ठरवूनच टाकलं होतं, की आता इथून उठायचं. कोण येणार हिच्याकडे? कोण उभं राहणार त्या टेपसमोर?

आणि सोमवारी बाक भरला.

पहिली बाई आपल्या होणाऱ्या सुनेला घेऊन आली. दुसरीने पुतणीला आणलं, तिचं शहरात शिकणं चालू होतं म्हणे, आणि सुट्टीत आली होती. तिसरीने तर स्वतःच्या लेकीला आणलं. "तुमच्या टेपला डोळे आहेत हो!" एकजण कौतुकाने म्हणाली. थोरल्या शिंपीणबाईंचं नाव निघालं तेव्हा बायकांनी ओठ वाकडे केले. "ती सुतळीवाली? तिने आजवर काय काय झाकलं असेल, देव जाणे."

शहरवालीने पहिल्या मुलीला टेप लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाज काढला. पडद्याजवळ जाऊन कुजबुजली.

"काय म्हणालात?" बाकावरून विचारणा झाली. "ऐकू नाही आलं."

"ते आत लिहितात ना, म्हणून..."

"आत काय ते लिहा. आम्हाला पण कळू दे की."

तिने सांगितलं. बाकावरची मान समाधानाने हलली. मुलगी खाली बघत होती.

रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "मी नाही करणार हे. देवाला तोंड कसं दाखवू?"

"देवानेच दिलंय असं समज."

"हे देवाने दिलेलं नाही."

चिंगी झोपली होती तिकडे त्याने बोट दाखवलं. खोलीत श्वासाचा आवाजसुद्धा नव्हता. तिने खूप वेळ तिकडे पाहिलं. सकाळी उठून मशीनला तेल घातलं, डोळे मिटले, पण त्या दिवशी कुणाचं नाव घ्यावं ते तिला कळेना. कात्री तशीच उचलली.

काम वाढत गेलं. घरमालकीण आता जिना उतरून खाली यायची, बाकावर जागा धरून बसायची, आणि कुणाची किती निघाली ते वर जाऊन सांगायची. मारामारीसारखा वाटणारा आवाज आता तिला खणखणीत वाटायला लागला होता. नवऱ्याची नोकरी पक्की झाली. लोक रस्त्यात त्याला ओळख द्यायला लागले. चिंगी शाळेत जायला लागली, आणि धावत जायची.

एक दिवस बाक भरलेला असताना दारात पाववाल्याची बायको उभी राहिली. तिच्यामागे तिची धाकटी होती, थोरलीच्याच चणीची, पण केस घट्ट ओढून बांधलेले. पाववालीने कुणाकडे पाहिलं नाही. लेकीला मशीनसमोर आणून उभं केलं.

"हिचं घ्या."

"काकू," शहरवाली म्हणाली, "मी... त्या दिवसाचं..."

"हिचं घ्या," पाववाली म्हणाली. "हिच्यासाठी विचारायला लोक येत होते. आता रस्ता बदलून जातात. घ्या माप."

"मी तुमच्या घरी येऊन घेते. हळूच."

"हळूच?" पाववालीच्या तोंडावर काहीच नव्हतं, राग सुद्धा नाही. "एकीचं गावाला ऐकवलंत. आता दुसरीचं हळूच घेणार?"

बाकावर कुणी हललं नाही. घरमालकीण पुढे सरकून बसली. शहरवालीने टेप हातात घेतला. टेप एकदा सुटला. मुलीने तो वाकून उचलून दिला. अंग थंडगार होतं तिचं, जशी पाण्यातून काढलेली.

"कंबर चोवीस," ती म्हणाली.

"मोठ्याने."

"कंबर चोवीस!"

"रस्त्यापर्यंत जात नाही आवाज. समोर लाकूडवाल्यांच्या आत्याबाई भाजी घेतायत. तुमचा आवाज मला माहीत आहे, बाई."

आणि शहरवाली ओरडली. कारखान्यात यंत्रांवरून ओरडायची तशी, उघड्या खिडकीकडे तोंड करून, गळ्याच्या शिरा फुगवून. कंबर ओरडली, छाती ओरडली, मग पाववालीने हाताने खूण केली म्हणून पुन्हा कंबर. रस्त्यावर माणसं थांबली. भाजीवालीचा हात तागडीवर तसाच राहिला. पडद्यामागे नवऱ्याने लिहून घेतलं, त्याला दुसरं काय करायचं ते समजेना. मुलगी भिंतीकडे बघत राहिली, आणि बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघून मान हलवायला लागल्या. चांगली आहे हो. ही चांगली आहे.

"झालं," पाववाली म्हणाली.

शहरवालीला घाम फुटला होता. तिने सवयीने हात पुढे केला. "कापड?"

"कापड आणलेलं नाही," पाववाली म्हणाली. "शिवायचं काही नाही आम्हाला."

लेकीचा दंड धरून ती पायऱ्या उतरली आणि समोरच्या गर्दीतून सरळ निघून गेली. बाकावरची पुढची बाई उठली, आपल्या भाचीला पाठीवर हात ठेवून पुढे लोटली आणि म्हणाली, "आता आमच्या हिचं घ्या. असंच, खणखणीत."