आभाळातला राखणदार

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी सुंदराआत्याचं नाव घेईन. आई गेल्यावर तिने मला आपल्या घरी नेलं, तालुक्याच्या शाळेत घातलं आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर केलं. पुढे सांताक्रूझच्या विमानतळावर विमानांच्या देखभालीची नोकरी लागली, तेव्हा गावभर पेढे तिनेच वाटले. पण स्वतः विमानात बसायचं म्हटलं की ती कानांवर हात ठेवी.

एकदा ती माझ्या पार्ल्याच्या खोलीवर आली असताना दिल्लीहून तिच्या जावयाची तार आली. तिची मुलगी सुमन बाळंतपणात अत्यवस्थ होती, आईला लगेच पाठवा म्हणून. रेल्वेने पोचेपर्यंत काय होईल सांगता येत नव्हतं. रस्त्यापेक्षा आकाशातला प्रवास किती निर्धोक, हे मी तिला रात्रभर समजावत होतो.

"एस्टी बंद पडली तर उतरान ढकलूक येता. ह्याका आभाळात कोण ढकलतलो?" आत्या म्हणाली. मग हळूच म्हणाली, "घाटात देव आसा, खाडीच्या तोंडार देव आसा. वर राखणदार कोण, ता सांग."

शेवटी लेकीसाठी ती तयार झाली, पण एका अटीवर. विमान सुटण्याआधी मी त्याच्यापाशी उभं राहून आमच्या ग्रामदेवाला, रवळनाथाला, गाऱ्हाणं घालायचं.

सकाळी माझी ड्यूटी नेमकी त्याच विमानावर लागली. पंखाखाली कोणी नाही असं बघून मी हात जोडले. "बा देवा महाराजा, हिका सुखरूप पोचव." गावी अशा वेळी सगळे मिळून "व्हय महाराजा" म्हणतात. इथे म्हणायला कोणी नव्हतं. नमस्कारासाठी मी जमिनीपर्यंत वाकलो, आणि चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर खोल चीर दिसली. आमची तपासणी अजून बाकी होती, तेव्हाही ती सापडली असती कदाचित. पण मला दिसली ती वाकल्यावर.

मी साहेबांना बोलावलं. चाक बदलायचं ठरलं, विमानाला उशीर झाला. बाहेर आत्या बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. खरं सांगितलं तर ती उठून घरी जाईल आणि सुमनला आई दिसणार नाही, अशी मला भीती होती. पण तिच्याशी खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून चाकाची चीर सांगून टाकली.

"चीर कोणी बघल्यान?" तिने विचारलं.

"मी. गाऱ्हाणं घालताना."

तिने माझ्या खाकी कपड्यांकडे, काळ्या झालेल्या हातांकडे बघितलं. मग शेजारच्या बाईला म्हणाली, "माझो भाचो. विमान ह्येच्या हुकमान सुटता." आणि हात जोडून पुटपुटली, "व्हय महाराजा."

चाक बदलल्यावर ती विमानात चढली. चार दिवसांनी जावयांच्या पत्रातून सुमन वाचल्याचं आणि मुलगी झाल्याचं कळलं. त्याच दिवशी मी पत्र लिहिलं:

"ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार. त्या बाईला तू सांगितलंस ते खरं नाही. माझ्या हुकमाने काही सुटत नाही. मी फक्त वाकतो, दाखवणारा दुसरा आहे. आता प्रत्येक विमानाखाली वाकतो, आणि तुझं 'व्हय महाराजा' मनातल्या मनात मीच म्हणतो. येताना रेल्वे नको, विमानच हवं, असं तू जावयांना बजावलंस म्हणे. कुठल्या विमानाने येतेस ते कळव. मी खाली उभा असेन."